शब्दाची किंमत कोण मोजतो?
(महाडच्या संदर्भात नेतृत्वाचा विचार)

१

धैर्यवान पुढारी कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर आपल्याला ठाऊकच आहे असे आपण धरून चालतो. जो गर्जना करतो तो धैर्यवान. जो एक पाऊलही मागे घेत नाही तो धैर्यवान. ज्याच्या भाषणाने सभा पेटते तो धैर्यवान. आणि चारित्र्य म्हणजे काय, तर पुढाऱ्याने पैसा खाऊ नये आणि विकला जाऊ नये, एवढेच. हे खोटे नाही. पण अपुरे आहे. ते किती अपुरे आहे याची जाणीव मला एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने करून दिली.

एका अभ्यासशिबिरात मी महाडच्या सत्याग्रहावर बोलत होतो. बोलणे संपल्यावर मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, मार्चमध्ये बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्यायले. मग डिसेंबरात हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली असताना ते तळ्यावर का गेले नाहीत? ती माघार नव्हती का?" सभागृहात कुजबुज झाली. एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने त्याला खाली बसायची खूण केली. मी त्याला बसू दिले नाही. कारण त्याच्या वयाचा असताना मलाही हाच प्रश्न पडला होता आणि तो विचारण्याचे धैर्य मला झाले नव्हते.

त्या दिवशी मी दिलेले उत्तर त्रोटक होते. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले सविस्तर उत्तर समजावे.

२

नेतृत्वाविषयी लिहिणारे लोक बहुधा दोन क्षेत्रांतील दाखले देतात. एक रणांगण आणि दुसरे व्यापार-उद्योग. लढाईत सेनापती डगमगला नाही म्हणून फौज टिकली. मंदीत कारखानदाराने धीर सोडला नाही म्हणून कारखाना वाचला. हे दाखले वाचताना एक गोष्ट नजरेआड होते. सेनापतीचा निर्णय चुकला तर किंमत कोण मोजतो? कारखानदाराचा अंदाज चुकला तर कोण मोजतो?

फौजेत शिपायाला हुकूम पाळावा लागतो हे खरे. पण त्या बदल्यात त्याला पगार आहे, शिधा आहे, जखमी झाला तर इस्पितळ आहे, निवृत्त झाल्यावर पेन्शन आहे. हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको. महाड-दापोलीचा पट्टा हा पलटणीतून परतलेल्या पेन्शनरांचा पट्टा होता. गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करी पेन्शनर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा ती पुन्हा सुरू करावी म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडण्यात आली. सरकारची कृतज्ञता एवढीच. पण त्या शिपायाच्या घरी पेन्शन तरी येत होती आणि त्या पेन्शनीच्या आधारावर मुले शाळेत जात होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे त्यातलेच.

व्यापारात तर कायद्यानेच सोय करून ठेवली आहे. मर्यादित कंपनीत ज्याने भाग घेतला त्याचा तोटा त्या भागापुरता. कंपनी बुडाली म्हणून भागधारकाच्या घरातली भांडी जप्त होत नाहीत. जबाबदारी मर्यादित म्हणूनच भांडवलदाराचे साहस मोठे दिसते.

आता चळवळीतला अनुयायी पाहा. त्याला पगार नाही, शिधा नाही, पेन्शन नाही आणि त्याची जबाबदारी अमर्याद आहे. पुढारी भाषण करून शहरात परत जातो. अनुयायी संध्याकाळी त्याच गावी, त्याच पाटलाच्या वेशीतून, त्याच वाण्याच्या दुकानावरून आपल्या घरी जातो. १९२७ साली त्याचे पोट बलुत्यावर होते, दुसऱ्याच्या शेतातल्या मजुरीवर होते. तो मार खाईल, त्याचे बलुते बंद होईल, मीठमिरची मिळणार नाही, बायकोला पाणवठ्यावर शिव्या खाव्या लागतील. हा सारा तोटा त्याच्या एकट्याच्या घरावर पडतो.

म्हणून सेनापतीचे किंवा कारखानदाराचे माप चळवळीच्या पुढाऱ्याला लावता येत नाही. त्याचे माप अधिक कडक असले पाहिजे. आपल्या शब्दाची किंमत कोण मोजणार आहे, हे ज्याला बोलण्याआधी दिसते आणि बोलल्यानंतरही ज्याला त्याचा विसर पडत नाही, तो खरा पुढारी. या मापाने महाडकडे पाहू.

३

पार्श्वभूमी वाचकांना माहीत आहे, थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण ठराव दप्तरात राहिला आणि तळे होते तसेच राहिले. मुसलमान तेथे पाणी भरत, जनावरे पाणी पीत. अस्पृश्य मात्र पीत नसत. हक्क कागदावर होता. तो वापरायचा कोणी, हा प्रश्न होता. कारण वापरणाऱ्याला किंमत मोजावी लागणार होती.

ता. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी गावोगाव हिंडून ती उभी केली होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्णांतील सहकारी बरोबर होते. परिषदेसाठी जमलेल्या लोकांना पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागले, सुमारे ४० रुपयांचे. गावात तळे असताना पाणी विकत! या एका आकड्यात सगळा प्रश्न मावतो.

दुसऱ्या दिवशी परिषद संपत आली असताना चित्रे यांनी सूचना मांडली की आपण सर्वांनी मिळून तळ्यावर जावे. लोक निघाले. सर्वांच्या पुढे बाबासाहेब होते. तळ्याच्या पायऱ्या उतरून ते पाणी प्यायले आणि त्यांच्या मागून लोक प्यायले. प्रथम कोण प्यायले, हे येथे महत्त्वाचे आहे. धोक्याच्या जागी आधी स्वतः उभे राहून मग इतरांना हाक देणे, हा नेतृत्वाचा पहिला नियम बाबासाहेबांनी तेथे पाळला. पण धैर्य म्हणजे एवढेच असते तर महाडची कथा तळ्याच्या पायरीवरच संपली असती.

खरी परीक्षा त्यानंतर दोन तासांनी झाली. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी खोटी आवई गावात उठली. जमाव लाठ्याकाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपाकडे धावला. परगावी निघालेले लोक कोणी जेवत होते, कोणी गाठोडी बांधत होते. त्यांना बेसावध गाठून मारले. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. कित्येक माणसे जबर जखमी झाली. आणि मार महाडातच थांबला नाही. आपापल्या गावी परतणाऱ्यांना गावोगावी अडवून मारण्यात आले.

बाबासाहेब त्या वेळी सरकारी बंगल्यावर उतरले होते. ते बाहेर पडले, रस्त्यात जमावासमोर उभे राहिले आणि देवळात शिरण्याचा आमचा कोणताही बेत नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. हे एक धैर्य झाले, शत्रूसमोर उभे राहण्याचे. पण त्यानंतर त्यांच्या भोवती त्यांचीच माणसे जमली. त्यांच्यात पलटणीत नोकरी केलेले लोक होते, दंडात ताकद होती, डोळ्यांसमोर भावाबंदांचे फुटलेले डोके होते. ते फक्त एका शब्दाची वाट पाहत होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. शांत राहा, हात उचलू नका, असे त्यांनी सांगितले.

विचार करा, यातले कोणते धैर्य कठीण आहे? शत्रूच्या जमावासमोर उभे राहणाऱ्याला स्वकीयांची टाळी मिळते. स्वकीयांच्या संतापासमोर उभे राहणाऱ्याला टाळी मिळत नाही, उलट भित्रा म्हणवून घ्यावे लागते. त्या संध्याकाळी दोन हात झाले असते तर महाड शहरात कदाचित आपली सरशीही झाली असती. पण त्याच रात्री कुलाबा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत, जेथे महारांची दहा-पाच घरे आणि बाकी सारे गाव विरुद्ध, तेथे काय झाले असते? मंडपातल्या बळाचा हिशेब नव्हे, तर एकाकी महारवाड्यातल्या दुर्बळतेचा हिशेब बाबासाहेबांनी केला.

आणि ते लगेच मुंबईला निघून गेले नाहीत. मागे राहून जखमींची विचारपूस केली, हल्ल्याची चौकशी केली, प्रकरण कोर्टापर्यंत जाईल अशी तजवीज केली. पुढे काही हल्लेखोरांना सक्तमजुरीची शिक्षा झाली. सूड टाळला, पण न्याय सोडला नाही. या दोहोंतला फरक आपल्याकडे आजही अनेकांच्या ध्यानात येत नाही.

४

सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या घागरी ओतून तळे 'शुद्ध' केले. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला जुना ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह जाहीर केला.

दरम्यान एक प्रसंग घडला, तो चारित्र्याच्या दृष्टीने नोंदण्यासारखा आहे. ब्राह्मणेतर चळवळीतील जेधे-जवळकर यांनी सत्याग्रहाला पाठिंबा देऊ केला. अट अशी की त्यात ब्राह्मणांना घेऊ नये. एकाकी लढणाऱ्या पुढाऱ्याला अशा पाठिंब्याचा मोह पडावा यात नवल नाही. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येक माणसाला नाही, ही भूमिका त्यांनी 'बहिष्कृत भारता'तून उघडपणे मांडली. अडचणीच्या काळी तत्त्व गहाण टाकून बळ विकत घ्यायचे नाही, हा चारित्र्याचा अर्थ.

दुसऱ्या परिषदेला महाडात जागा मिळेना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी व्यवहार नाकारला, म्हणून शिधासामग्री बाहेरून आणावी लागली. व्यापाराचे शस्त्र असे असते. लाठी न उचलता माणसाची उपासमार करता येते. हे ओळखून आधीपासून धान्याची तरतूद करणारे कार्यकर्ते त्या परिषदेला होते, हे विसरू नये. संकटकाळचे नेतृत्व अर्धे भाषणात असते आणि अर्धे कोठीघरात.

सवर्णांनी आणखी एक डाव टाकला. ता. १२ डिसेंबर रोजी त्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला की चवदार तळे ही आमची खाजगी वहिवाटीची मालमत्ता आहे. ता. १४ ला कोर्टाने बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध तात्पुरता मनाईहुकूम दिला. परिषद अवघ्या अकरा दिवसांवर. मुंबईहून निघालेली मंडळी बोटीने दासगावला उतरली आणि तेथून गाणी गात, घोषणा देत पायी महाडला पोहोचली, ती या हुकुमाच्या छायेत.

ता. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. जे म्हणतात की बाबासाहेब डिसेंबरात कचरले, त्यांनी ही रात्र आधी आठवावी. हजारो वर्षे ज्या ग्रंथाच्या आधाराने आपले माणूसपण नाकारले गेले तो जाहीरपणे जाळणे हे काही भित्र्या माणसाचे काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी सत्याग्रहाचा प्रश्न परिषदेपुढे आला. बाजूने बोलणारे बोलले, विरुद्ध बोलणारेही बोलले. तुरुंगात जाण्याची तयारी असलेल्यांनी नावे द्यावीत असे सांगण्यात आले, तेव्हा ३,८८४ नावे नोंदवली गेली. हा आकडा नुसता वाचून पुढे जाऊ नका. ती ३,८८४ घरे होती. जिल्हाधिकाऱ्यानेही परिषदेत येऊन कोर्टाचा हुकूम मोडू नका असे सांगितले. लोक ठाम होते. आपला निश्चय त्यांनी दाखवून दिला होता.

आणि ता. २७ ला बाबासाहेबांनी स्वतः उभे राहून सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला.

त्यांच्या विवेचनाचा गाभा असा होता : आतापर्यंत आपला झगडा सवर्णांशी होता. हुकूम मोडला तर तो सरकारशीही होईल आणि दोन आघाड्यांवर एकाच वेळी लढण्याचे बळ आज आपल्याजवळ नाही. दावा खोटा आहे. तो कोर्टात खोटा ठरवता येईल. मग सरकारला आपल्याविरुद्ध सवर्णांच्या बाजूने उभे करण्याची संधी आपण होऊन का द्यावी? लोकांच्या धैर्याविषयी त्यांना शंका नव्हती. त्या धैर्याची उधळपट्टी करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय, ही शंका होती.

परिषदेने ठराव मान्य केला. मग हजारोंची मिरवणूक निघाली, गावातून फिरली, तळ्याला वळसा घालून परत आली. तळ्यात कोणी उतरले नाही. एवढा मोठा संतप्त समुदाय पाण्याच्या काठाने शिस्तीने चालत गेला, हे दृश्य मी जेव्हा जेव्हा डोळ्यांसमोर आणतो, तेव्हा मला ते पाणी पिण्याइतकेच मोठे वाटते. नंतर बाबासाहेबांनी तेथील स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. घरात या लढ्याची किंमत कोण मोजते हे ते जाणून होते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

५

ती माघार होती का? होती. मी शब्द चोरत नाही. पण माघार आणि पळ यांत अंतर आहे. पळणारा माणूस मागे काय राहिले ते पाहत नाही. माघार घेणारा उद्याची जागा निवडून ठेवतो. बाबासाहेबांनी जागा निवडली होती : कोर्ट.

हा दावा किती चालला? महाडच्या कोर्टाचा निकाल ८ जून १९३१ ला आपल्या बाजूने लागला. वादींनी ठाण्याला अपील केले; ते ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मग ते हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी अखेरचा निकाल दिला. अस्पृश्यांना वगळण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही. पहिल्या परिषदेला त्या आठवड्यात दहा वर्षे पुरी होत होती.

या दहा वर्षांत बाबासाहेब गोलमेज परिषदांना गेले, नाशिकचा काळाराम सत्याग्रह झाला, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली, स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. देशभर नाव झालेल्या माणसाने एका तालुक्याच्या गावातल्या तळ्याचा दिवाणी दावा सोडून दिला असता तर कोणी जाब विचारला नसता. त्यांनी सोडला नाही. १९२७ सालच्या डिसेंबरात "आज नको, कोर्टात जिंकू" असे त्यांनी लोकांना सांगितले होते, आणि तो शब्द होता. धैर्य दोन दिवसांत दिसते. चारित्र्य दिसायला दहा वर्षे लागतात, तीही लोक पांगल्यानंतरची.

याच काळातली आणखी एक गोष्ट. 'बहिष्कृत भारत' हे पत्र ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या हल्ल्यानंतर पंधरवड्यात सुरू झाले. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहून काढीत. पत्र चालवणे हाही एक व्यवहार असतो : कागद, छपाई, वर्गणी, थकबाकी. तो व्यवहार तोट्यात होता. तोटा झाकून ठेवून त्यांनी मोठेपणाचा आव आणला नाही. पत्राची ओढगस्त आणि त्यामागचे श्रम वाचकांपुढे उघड मांडले. अखेर नोव्हेंबर १९२९ मध्ये ते बंद पडले. व्यवहारातले धैर्य म्हणजे नुसते साहस नव्हे. ज्यांच्या जिवावर व्यवहार चालतो त्यांना खरा ताळेबंद दाखवणे होय. आपल्या किती संस्था आज आपला ताळेबंद सभासदांपुढे ठेवतात, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावे.

६

बाबासाहेबांच्या पुढच्या आयुष्यातले निर्णय याच मापाने तपासले तर एक सूत्र हाती लागते. जेथे किंमत स्वतःला मोजायची होती तेथे ते विलंब करीत नसत. जेथे किंमत लोकांना मोजावी लागणार होती तेथे ते थांबत, विचारीत, तयारी करीत.

सप्टेंबर १९३२ चे पुणे पाहा. महात्मा गांधींचे उपोषण २० तारखेला सुरू झाले आणि २४ तारखेला करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्याऐवजी प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. त्या चार दिवसांत साऱ्या देशाचा रोष एका माणसावर होता. तो रोष सोसण्याची त्यांची तयारी होती. पण येरवड्यात काही विपरीत घडले असते तर तो रोष खेड्यापाड्यांतल्या आपल्या निःशस्त्र वस्त्यांवर उतरला असता. माझ्या मते सही करणाऱ्या हाताला हे दिसत होते. आणि सही केल्यावर तो विजय होता असा देखावा त्यांनी केला नाही. कराराने आपले काय गेले ते पुढे परखडपणे लिहून ठेवले.

धर्मांतराचेही तसेच. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. मध्ये एकवीस वर्षे. १९३६ च्या मे महिन्यात त्यांनी मुंबईच्या महार परिषदेत हा प्रश्न सविस्तर उलगडून लोकांपुढे ठेवला. कारण धर्म एकट्याने बदलायचा नव्हता. आणि किंमत खरोखरच मोजावी लागली. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० च्या कायदादुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. लोकांनी ती किंमत जाणूनबुजून मोजली, म्हणूनच ते ओझे न ठरता अभिमानाची गोष्ट ठरली.

याउलट २७ सप्टेंबर १९५१ चा राजीनामा. हिंदू कोड बिलाची बोळवण होत आहे असे दिसताच कायदेमंत्रिपद सोडले. तेथे कोणाची परिषद भरवली नाही. कारण खुर्ची त्यांची एकट्याची होती, तोटा त्यांचा एकट्याचा होता. पुढच्याच निवडणुकीत, १९५२ साली, मुंबईतून त्यांचा पराभव झाला. तोही त्यांनी सोसला.

स्वतःच्या बाबतीत तत्पर, लोकांच्या बाबतीत हिशेबी. आपल्याकडे आज बहुधा याच्या उलट चालते. लोकांच्या बाबतीत पुढारी तत्पर असतो : बंद पुकारा, रस्ता अडवा, होऊन जाऊ द्या. स्वतःच्या बाबतीत तो फार हिशेबी असतो.

७

हे लिहिताना मी स्वतःला बाहेर ठेवू शकत नाही. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी वसतिगृहाच्या प्रश्नावर आम्ही मोर्चा काढला होता. प्रश्न खरा होता. सभेत मी बोललो आणि फार चांगले बोललो, असे सगळे म्हणाले. माझ्या बोलण्याने मुले पेटली. कचेरीच्या दारात रेटारेटी झाली, काचा फुटल्या. सात मुलांवर गुन्हे दाखल झाले. पहिल्या तारखेला आम्ही सगळे कोर्टात हजर होतो, घोषणाही दिल्या. दुसऱ्या तारखेला आम्ही तिघे होतो. नंतर शाळेची परीक्षा आली, बदली झाली, मी जायचा राहिलो.

पुढे त्यांतला एक मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षेत उतरला. निवड झाल्यावर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तेथे तो गुन्हा निघाला आणि नेमणूक अडली. त्याचे वडील माझ्याकडे आले. मोलमजुरी करणारा माणूस. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गुरुजी, पोराचं चारित्र्य अडलंय म्हणं. ते कुठं सोडवून मिळतं?"

अडले होते ते त्या मुलाचे चारित्र्य नव्हे, माझे. कागदावर नाव मात्र त्याचे होते. त्यानंतर मी वकील पाहिला, कोर्टाचे हेलपाटे घातले, उशिरा का होईना त्या मुलांच्या मागे उभा राहिलो. ते सांगण्यात भूषण नाही. जे पहिल्या तारखेपासून करायचे ते मी शेवटी केले. तेव्हापासून सभेत बोलायला उभे राहण्यापूर्वी मी समोर बसलेल्या लोकांची गावे कोणती, हे विचारून घेतो.

याचा अर्थ कोणी असा घेऊ नये की लढू नका, गुन्हे दाखल होतील. बाबासाहेबांनी लोकांना तळ्यावर नेले होते, हे मी विसरलेलो नाही. किंमत मोजल्याशिवाय हक्क मिळाल्याचे एकही उदाहरण आपल्या इतिहासात नाही. म्हणणे एवढेच की, किंमत किती आहे ते मोजणाऱ्याला आधी सांगितले पाहिजे, ती मोजायची की नाही हे त्याला ठरवू दिले पाहिजे, पुढाऱ्याने आपला वाटा सर्वांत आधी टाकला पाहिजे आणि मांडव उठल्यानंतर कोर्टाच्या शेवटच्या तारखेपर्यंत त्याच्यासोबत गेले पाहिजे. महाडने आपल्याला या चार गोष्टी शिकवल्या. पहिल्या दिवसाची आपण जयंतीसारखी आठवण करतो. दहा वर्षांच्या तारखांची आठवण कोणी करीत नाही.

शिबिरात तो प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मला आता एवढेच सांगायचे आहे : डिसेंबरात बाबासाहेब तळ्यावर गेले नाहीत, कारण त्यांच्यासमोर ३,८८४ नावांची यादी होती आणि ती त्यांनी नावानिशी वाचली होती, असे मी मानतो. तू उद्या पुढारी होशील. तुझ्या हातीही एक यादी येईल. ती मोजून ठेवू नकोस, वाच.